साहेबाच्या फोरहँडला

शेणानं सारवलेला टेनिस कोर्ट मी जन्मात पाहिला नव्हता. आणि त्या कोर्टावर, नेटच्या दोन्ही अंगांना, जवळा वाळत घातलेला! मी बॅग हातात तशीच धरून जाळीच्या दारात उभा. राज्य पातळीवर खेळलेला माणूस मी, मुंबईतल्या क्लबांत शिकवून आलेलो. बोईसरहून घिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका कारखान्याची कॉलनी होती, तिथल्या क्लबनं कोच म्हणून बोलावलं, राहायला खोली दिली, म्हणून आलो. आणि समोर हे! गुलाबी जवळ्याचा थर, त्याचा तो दणदणीत वास, आणि मधोमध एक बाई काठीनं जवळा वरखाली करतेय.

"ओ बाई, हे काय चाललंय?"

"जवला हाय. दिसत नाय?"

"हा टेनिसचा कोर्ट आहे!"

"आसंल. आमी कुठं न्हेतो तुमचा कोर्ट? पावसाला लागल्यापासनं कोन खेललं नाय. सारवलेली जागा, चारी बाजूंनी जाली. कावला पन येत नाय आत."

कोर्टाची जाळी कावळ्यांसाठी असते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी भडकलो, सेक्रेटरीकडे जाऊ म्हणालो. तेवढ्यात मागून एक तरणाबांड गडी शीळ वाजवत आला. शर्टाची वरची बटणं उघडी, मागच्या खिशात कंगवा, पायात कुणा साहेबानं टाकून दिलेले टेनिसचे बूट. "आये, उचल गो. नवे सर आले," म्हणाला, आणि मला डोळा मिचकावून पुढं, "सर, उद्या सकाळी कोर्ट तयार. वास मात्र दोन दिवस राहील." ती त्याची आई, आणि तो आमच्या क्लबाचा मार्कर.

मार्कर म्हणजे काय ते सांगतो, कारण आता हा शब्द टेनिसवाल्या पोरांनाही माहीत नसतो. क्लबाचे मेंबर संध्याकाळी ऑफिसातून येतात, खेळायला जोडीदार नसतो. मग पगारावर एक माणूस ठेवलेला असतो. त्यानं सकाळी कोर्टाला पाणी मारायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या, शेण कालवून सारवायचं म्हणजे धूळ उडत नाही, आणि संध्याकाळी साहेबांशी खेळायचं. जिंकायचं नाही. असा नियम कुठं लिहिलेला नसतो, पण साहेबाला घाम यावा, आनंद व्हावा, आणि घरी जाऊन बायकोला "आज मी त्याला हरवला" म्हणून सांगता यावं, यासाठीच तो पगार असतो. त्यामुळे चांगल्या मार्करचा बॉल साहेबाच्या फोरहँडला, कमरेइतक्या उंचीवर, हातात आणून दिल्यासारखा पडतो. आमचा मार्कर यात पक्का. चार वर्षं त्यानं हेच केलं होतं.

मी त्याला पहिल्या आठवड्यातच ओळखलं, असं मला वाटत होतं. हात गोड, पण मारायची धमक नाही. संध्याकाळी साहेब यायच्या आधी कॉलनीतल्या मुलांची बॅच मी घ्यायचो, आणि रोज सकाळी रोलर ओढून झाला की मी त्याच्याबरोबर एक सेट खेळायचो आणि जिंकायचो. चाळिशीला टेकलेला होतो, पोरगा चोवीस वर्षांचा, बरं वाटायचं. तो हरल्यावर कंगवा काढून केस विंचरायचा आणि म्हणायचा, "सर, तुमचा बॅकहँड म्हंजे काय, वाऽ!"

मग एका दुपारी जे पाहिलं त्यानं मी उडालोच. कॉलनीत कुणाकडे तरी पाहुणा आला होता, कॉलेजच्या टीममधून खेळणारा. उकाड्यानं बनियनवर होता, रॅकेट घेऊन कोर्टावर आला आणि मार्करला म्हणाला, "मारतो का दोन-चार?" मी क्लबाच्या ऑफिसच्या खिडकीतून पाहतोय. अहो, त्या पाहुण्याला बॉल दिसेना! सर्व्हिस आली की नेटच्या पलीकडून धप्पकन आवाज, आणि बॉल मागच्या जाळीत. कोपऱ्यात, रेषेवर, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात. पाहुणा धापा टाकतोय आणि आमचा गडी शीळ घालतोय. मी धावत बाहेर आलो. हा कोण? हा तोच का? पाहुणा तोंड पाडून गेल्यावर मी त्याची कॉलरच धरली.

"अरे, हे कुठं शिकलास?"

"हितंच. पन सर, तो साहेब होता का?" त्याचं तोंड पडलं. "मला वाटलं कुनाचा तरी डायवर हाय. बनियनवर होता ना!"

मला हसू आलं आणि लगेच अंगावर काटाही आला. ड्रायव्हर वाटला म्हणून इतका खेळला, साहेब वाटला असता तर?

त्याच सुमाराला ती संधी आली. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका दुसऱ्या कारखान्याच्या मॅनेजरला खेळाचं वेड. त्याला आपल्या कारखान्याची टीम उभी करायची होती, टेनिसचा एक खेळाडू कायम नोकरीवर घ्यायचा होता. पालघरला दिवाळीनंतर स्पर्धा असते, ती जिंकेल तो आपला, असं त्यानं मला माझ्या तोंडावर सांगितलं. नोकरीला वयाची अट होती, म्हणजे आमच्या गड्याला हे एकच वर्ष. त्याचं लग्नही त्यावरच अडलं होतं. मुलगी पसंत, मुलीलाही हा पसंत, पण मुलीचा बाप बोटवाला, आडदांड माणूस. "बॉल उचलनारा जावय मला नको," असं त्यानं चारचौघांत सांगितलं होतं. एरवी कशानंही न दबणारा हा गडी तेवढं सांगताना खाली मान घालून बुटाची नाडी बांधत बसला.

"जिंकशील?" मी विचारलं.

"जिंकनार म्हंजे काय सर! तुमी फक्त फॉर्म भरा."

मी कामाला लागलो. कोर्टाच्या कोपऱ्यांत बॉलचे रिकामे डबे ठेवले. दहात आठ वेळा डबा उडवायचा पठ्ठ्या! मग मी स्वतः पलीकडे उभा राहिलो, आणि बॉल परत माझ्या हातात. फोरहँडला, कमरेइतका. "अरे, कोपऱ्यात मार!" "मारला ना सर!" "कुठं मारलास? माझ्या हातात दिलास!" तो चकित होऊन आपल्या रॅकेटकडे बघायचा. खरंच त्याला कळत नव्हतं. डबा असला की कोपऱ्यात, माणूस असला की माणसाच्या हातात. मी ओरडलो, रॅकेट आपटली, त्याची आई तेव्हा रस्त्यानं मासळीची पाटी घेऊन चालली होती, ती थांबून बघत राहिली. मला खेळाडूचा हात बघायची सवय. हाताला काही झालेलं नव्हतं. जे झालं होतं ते आणखी आत कुठंतरी, आणि तिथं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पुढं आयुष्यभर मी खेळाडूंच्या मनाचं काम केलं, लोक त्याला मोठमोठी नावं देतात. सुरुवात त्या डब्यांपाशी झाली, आणि तेव्हा मी पुरता गांगरलेला होतो.

शेवटी एक युक्ती काढली. म्हटलं, "समोरचा साहेब नाही, ड्रायव्हर आहे असं समज." तो खुश. "हां, ते जमंल!" आणि जमलं की! पालघरला पहिल्या तीन फेऱ्यांत समोर बाहेरगावची पोरं होती, हा कुणाला ओळखत नव्हता. त्यानं सगळ्यांना ड्रायव्हर केलं आणि धुऊन काढलं. मॅनेजर खुर्चीत पुढं सरकून बघत होता, मधेच माझ्याकडे बघून मान हलवायचा. मी आनंदानं पागल व्हायचा बाकी होतो.

फायनलला समोर कोण आला ते पाहिलं आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आमच्याच कॉलनीतला इंजिनिअर साहेब! क्लबचा सेक्रेटरी. चार वर्षं रोज संध्याकाळी याच मार्करशी खेळणारा आणि रोज जिंकणारा. मनुष्य भला, स्वभावानं दिलदार, खेळ बेताचा. पण नशिबानं सोपी बाजू मिळाली आणि पोचला फायनलला. त्याला हवा होता दिवाणखान्यात ठेवायला एक कप. याला हवी होती नोकरी, बायको, सगळंच.

"ड्रायव्हर समज," मी कानात सांगितलं.

"ह्यांना कसा समजू सर? ह्यांची तर मला रुमालाची घडीपन म्हायती हाय."

पहिला सेट त्यानं घेतला, कारण साहेब बिचकला होता आणि आपणच बॉल बाहेर मारत होता. मी हुश्श केलं. बाजू बदलताना साहेब हसत हसत म्हणाला, "काय रे, आज फार मारतोयस?" बास! त्यात काही धमकी नव्हती, देवाशपथ सांगतो, थट्टाच होती. पण आमच्या गड्याचा हात तिथून फिरला. एकेक बॉल साहेबाच्या फोरहँडला. इतका सुंदर, इतका मऊ, की बघणारे म्हणायला लागले, साहेब काय फॉर्मात आलाय! साहेबही फुलला. दुसरा सेट गेला. तिसऱ्यात हा चार-एकनं मागं. मॅनेजर खुर्चीत मागं रेलला, घड्याळ बघायला लागला. माझा जीव नुसता तळमळतोय. गावातली स्पर्धा, पंचांशी ओळख, मी सरळ कोर्टाच्या कडेला जाऊन त्याला गाठलं.

"गाढवा, तू त्याला भरवतोयस!"

"हात जातोय सर तिकडं. मी नाय नेत." त्याच्या डोळ्यांत पाणी. एवढा चालू माणूस, त्याच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. "आनि समजा हरवलं ह्यांना, नि तिकडं नोकरी नाय दिली तर? उद्या कोर्टावर तोंड कसं दाखवू? पगार तर हेच देतात."

मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा, आणि पंच म्हणतोय, "चला, चला, वेळ."

तेवढ्यात जाळीबाहेरून आवाज आला. पालघरच्या बाजारात मासळी विकून त्याची आई तिथंच आली होती. रिकामी पाटी शेजारी, कमरेवर हात. टेनिस तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं, कोण पुढं आणि कोण मागं हेही तिला कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की पोरगा बॉल मारतोय तो नेमका समोरच्याच्या हातात जातोय. बाजारात हाक मारायचा तिचा आवाज, सगळं मैदान वळून बघायला लागलं.

"अरं ए! सगला त्यालाच देतस तं घरी काय आनशील?"

लोक हसले. साहेब हसला. मॅनेजरसुद्धा हसला. मी मात्र गड्याकडे बघत होतो. तो लाजला, कानापर्यंत लाल झाला. मग आईकडे बघून तोही हसला, खिशातला कंगवा काढून बाकावर टाकला आणि सर्व्हिसला गेला.

पुढचा अर्धा तास मी श्वास घेतला की नाही कुणास ठाऊक. पहिला बॉल साहेबाच्या बॅकहँडला गेला, इतका जोरात की साहेब जागेवरून हललाच नाही, नुसता बघत राहिला. मग दुसरा तसाच. मध्येच कधी हात परत फोरहँडकडे वळायचा, हा स्वतःलाच शिवी घालायचा, आणि पुढचा कोपऱ्यात. शेवटचा पॉइंट मारून तो नेटपाशी गेला तेव्हा साहेबानं हात पुढं केला, पण साहेबाचं तोंड पांढरं फटक पडलं होतं. मॅनेजर उठून माझ्याकडे आला. "एक तारखेपासून पाठवा," म्हणाला. मी रडलो हो. भर मैदानात, पालघरच्या सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं. त्याची आई मला म्हणाली, "तुमी कशाला रडता? तुमाला काय लगीन करायचं हाय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कोर्टावर आला. ऑफिसचे कपडे, हातात रॅकेट नाही. बाकावर बसला.

"म्हणजे चार वर्षं," म्हणाला, "मी त्याला रोज हरवत होतो, ते..."

मी त्याची समजूत घालायला लागलो. म्हटलं, साहेब, मार्करचं कामच ते, त्यात तुमचा काय कमीपणा? तुमचा फोरहँड खरंच सुधारला. असंच बरंच काहीतरी, मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं. मला त्याची कीवच येत होती. त्यानं ऐकून घेतलं आणि मान वर करून अगदी साधेपणानं विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही तर त्याला रोज सकाळी हरवता."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. साहेब टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. तो निघून गेला तरी मी तसाच उभा. चाळिशीचा मी, आणि तो पाहुण्याला बॉल दिसू न देणारा गडी. मी ती सर्व्हिस माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. नंतर रोज सकाळी त्याच्याशी सेट खेळून जिंकलो होतो. आणि एकदाही, एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही? मी कोच ना? लोकांचा खेळ वाचतो म्हणून पगार घेतो ना?

गडी आला तेव्हा नेहमीसारखाच शीळ घालत होता. शेवटचा आठवडा म्हणून मिशी जरा जास्तच कोरलेली. मी दारातच अडवलं.

"खरं सांग. मला पण भरवत होतास?"

तो थांबला. जाळीकडे बघितलं, रोलरकडे बघितलं. "जाऊ द्या ना सर."

"सांग!"

"आता सांगतो म्हंजे, तुमी भडकू नका." कान खाजवत म्हणाला, "सुरवातीला एकदा जिंकलो होतो मी. पयल्याच म्हयन्यात. तुमाला आठवत नसंल. तुमी म्हनालात कोर्टच वाकडा हाय. मग परत पानी मारायला लावलंत, परत रोलर ओढायला लावलात, भर उन्हात. म्हटलं, एवढं कोन करील रोज? त्यापेक्षा सर जिंकलेले बरे."

मला खरंच आठवत नव्हतं. मी हसायचा प्रयत्न केला. "म्हणजे रोलरसाठी!"

"रोलरसाठीच," तो म्हणाला. मग जरा थांबून, "नि संध्याकाळची बारकी पोरं. तुमी त्या सकाळी हरलात ना, तर तेंच्यावर काय तुटून पडलात सर! ती एक चष्मेवाली पोरगी तर कोर्टावर यायलाच बघत नव्हती. तुमी जिंकलात की कशे गोड बोलता. म्हटलं, चला, दोन्ही कामं एकात."

कपाळ! राग आला, पण कुणावर काढायचा तेच कळेना. म्हटलं, "ठीक आहे. आता तू मार्कर नाहीस. रॅकेट घे, आज एक सेट खरा खेळ. बघू दे मला."

त्यानं रॅकेट घेतली. दोन पावलं चाललाही. मग वळून माझ्याकडे बघत म्हणाला, "नको सर. संध्याकाळी बॅच हाय तुमची."

आणि पाण्याचा पाइप ओढायला गेला.

त्या संध्याकाळी आठ-दहा मुलं आली. कोर्ट छान सारवलेला, रेषा ताज्या. चष्मेवाली मुलगी पहिली उभी राहिली. मी बॉल टाकला, तिनं मारला, तो नेटमध्ये गेला. मागं पोरांची रांग. बॉल कुठं पडला ते कुणीच पाहिलं नाही. ती पोरगी, आणि तिच्या मागची सगळीच, माझ्या तोंडाकडे बघत होती.